रंग गेला, विषाचे काय?

कापड रंगविणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी निसर्गात विपुल सापडणाऱ्या साध्या खनिजांच्या साहाय्याने स्वच्छ करता येते, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. लोखंडाची धातुके, मँगनीजची धातुके, टायटॅनियमयुक्त काळी वाळू यांवर जगभरच्या आणि आपल्या देशातील प्रयोगशाळांतून गेली अनेक वर्षे संशोधन चालू आहे. काचेच्या भांड्यात जर्द लाल किंवा गर्द निळे पाणी घ्यावे, त्यात खनिजाची पूड आणि थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालावे, आणि काही वेळाने ते पाणी नितळ व्हावे, हे दृश्य कोणालाही मोहविणारे आहे. नद्यांच्या दुरवस्थेने अस्वस्थ झालेल्या माणसाला त्यात आशा दिसली तर नवल नाही. आम्हांलाही ती दिसते. परंतु आशेचे रूपांतर भ्रमात होण्यास फार वेळ लागत नाही, आणि प्रदूषणाच्या बाबतीत भ्रमाची किंमत नेहमी दुसराच कोणी तरी मोजत असतो. म्हणून या साधनाने नेमके काय होते, काय होत नाही, आणि जे होत नाही त्याचा भार कोणावर पडणार आहे, याचा विचार वेळीच करावयास हवा. हा विचार जितका रसायनशास्त्राचा आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

पाण्यात रंग येतो कोठून?

१८५६ साली विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम जांभळा रंग तयार केला, आणि नीळ, मंजिष्ठ यांच्या लागवडीवर व पिढीजात कारागिरीवर उभ्या असलेल्या जुन्या रंगाईचे दिवस भरत आले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ साली, सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ रंग बाजारात आले. हे रंग पक्के असतात, झळझळीत असतात, आणि आज सुती कापडाच्या रंगाईत त्यांचेच प्राबल्य आहे. पण कुंडात घातलेला सगळा रंग कापडावर बसत नाही. जातीपरत्वे १० ते ४० टक्के रंग पाण्याबरोबर वाहून जातो. रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलण्यासाठी कुंडाच्या दर लिटर पाण्यात पुष्कळदा ४० ते ८० ग्रॅम मीठ अथवा ग्लॉबर्स सॉल्ट घालावे लागते. हे मीठ कापडावर राहत नाही. ते सगळेच्या सगळे सांडपाण्यात उतरते. शिवाय सोडा, साबण, सुताची खळ आणि ब्लीचिंगची रसायने असतातच. एक किलो कापडावरील प्रक्रियेस १०० लिटरच्या आसपास, आणि जुन्या यंत्रांवर त्याहूनही अधिक, पाणी लागते.

यांतील पुष्कळशा रंगांच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंचा एक जोड असतो. त्यास अ‍ॅझो बंध म्हणतात. रंग डोळ्यांना रंग म्हणून दिसतो तो मुख्यतः या जोडामुळे. हा जोड तुटला की रंग नाहीसा होतो. परंतु रेणूचे उरलेले तुकडे पाण्यातच राहतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

पंचगंगेकाठी

आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग चालविला, जहागिरीचे अधिपती नारायणराव घोरपडे यांनी या उद्योगास उत्तेजन दिले, आणि पुढे लाखाहून अधिक यंत्रमागांचे हे नगर ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. उपमा पुरती खरी ठरावी म्हणून की काय, मँचेस्टरच्या अर्वेल नदीचे एकोणिसाव्या शतकात जे झाले तेच विसाव्या शतकात पंचगंगेचे झाले. गावातून नदीकडे जाणाऱ्या एका ओढ्याला लोकांनी ‘काळा ओढा’ असेच नाव दिले आहे. ज्या समाजात ओढ्याला नाव देण्यासाठी त्याच्या पाण्याचा काळेपणा पुरेसा वाटतो, त्या समाजाला प्रदूषणाचा अहवाल वाचून दाखविण्याची गरज नसते.

न्यायाने बोलायचे तर पंचगंगेच्या दुर्दशेचे सारे खापर रंगाईवर फोडता येणार नाही. कोल्हापूर शहराचा मैला, काठावरच्या साखर कारखान्यांचे व इतर उद्योगांचे सांडपाणी, गावोगावची गटारे, या सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु या साऱ्या घाणीचा शेवट एकाच ठिकाणी होतो. नदी खाली शिरोळ तालुक्यात जाते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. नदीतील पाणी कमी झाले की तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो, ही बातमी आता दर काही महिन्यांनी येणारी नित्याची बातमी झाली आहे. त्या काठच्या शेतकऱ्याला, मासेमाराला आणि हातपंपावर पाणी भरणाऱ्या बाईला इचलकरंजीच्या कापडाच्या नफ्यातील एक पैसाही मिळालेला नाही.

आणि खुद्द इचलकरंजी? नदी उशाशी असून गाव तहानलेले आहे. पंचगंगेचा भरवसा राहिला नाही म्हणून कृष्णेचे पाणी मजरेवाडीहून आणावे लागले. तेही पुरेना, म्हणून वारणेचे पाणी दानोळीहून आणण्याची योजना निघाली. तिला वारणाकाठच्या गावांनी कसून विरोध केला. मग दूधगंगेचे पाणी सुळकूडहून आणण्याचे ठरले; तेव्हा कागल भागातील शेतकरी विरोधात उभे राहिले. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या चाळीतील विणकर कामगार एका बाजूला आणि आपल्या शेताचे पाणी जाईल या भीतीने रस्त्यावर उतरलेला शेतकरी दुसऱ्या बाजूला, असे हे भांडण आहे. दोघेही कष्टकरी आहेत, दोघांचीही मागणी खरी आहे. ज्यांनी नदी नासविली ते मात्र या भांडणात कोठेच दिसत नाहीत. एका नदीचे पाणी वापरून टाकून देता येते आणि मग दुसरीकडे हात पसरता येतो, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी नदी ही फुकटची गटार आहे.

खनिजाचे सामर्थ्य

आता खनिजांकडे वळू. १८९४ साली हेन्री फेंटन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की लोखंडाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले म्हणजे सेंद्रिय पदार्थांचे ऑक्सिडीकरण जोमाने होते. पुढे १९३४ साली हाबर आणि वाइस यांनी या जोमामागे हायड्रॉक्सिल मूलक नावाचा अत्यंत अल्पायुषी पण अत्यंत आक्रमक घटक असल्याची मांडणी केली. हा घटक समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. रंगाच्या रेणूंचीही त्याच्यापुढे धडगत नसते. फेंटनची मूळ रीत मात्र गैरसोयीची आहे. पाणी बरेच आम्लधर्मी, म्हणजे सामू सुमारे ३ इतका, करावे लागते, आणि शेवटी लोखंडाचा भरपूर गाळ उरतो.

नैसर्गिक खनिजांचे महत्त्व येथे आहे. मॅग्नेटाइट, हेमॅटाइट, गोएथाइट यांसारख्या लोहखनिजांच्या पृष्ठभागावर हेच काम होऊ शकते. खनिज घनरूप राहते, त्यामुळे गाळ कमी होतो आणि तीच पूड पुन्हा पुन्हा वापरता येते. मॅग्नेटाइट तर लोहचुंबकाने पाण्यातून ओढून घेता येते. पायराइट हे लोखंड व गंधकाचे खनिज पाण्यात स्वतःच आम्लता निर्माण करते, त्यामुळे बाहेरून आम्ल घालण्याची गरज घटते. मँगनीजची काही ऑक्साइडे अशी आहेत की ती पेरॉक्साइडवाचूनही अनेक सेंद्रिय द्रव्यांचे ऑक्सिडीकरण करतात. टायटॅनियम डाय-ऑक्साइडवर प्रकाश पडला असता काय घडते ते फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखविले, आणि तेव्हापासून सूर्यप्रकाशाने सांडपाणी शुद्ध करण्याची एक नवी वाट खुली झाली.

ही खनिजे आपल्याला परकी नाहीत. कोकणातील जांभा दगड लोहाच्या ऑक्साइडांनीच तांबडा झाला आहे. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत टायटॅनियमचे इल्मेनाइट आहे. पेरॉक्साइडही रंगाईवाल्यास नवीन नाही. कोरे कापड शुभ्र करण्यासाठी तो ते रोज वापरतो. तेव्हा परदेशी यंत्रे, परदेशी पेटंटे आणि अवाढव्य भांडवल यांवाचून करता येण्याजोगे हे काम आहे. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा जो आग्रह धरला, त्याच्याशी हे तंत्र जुळणारे आहे. त्याच लोहियांनी नद्या स्वच्छ करण्याची मागणी, पर्यावरण हा शब्द राजकारणात येण्यापूर्वी, पक्षाच्या व्यासपीठावरून केली होती. समाजवाद्यांनी या संशोधनाकडे आपुलकीने पाहावे, यास एवढी कारणे पुरेत.

आणि मर्यादा

परंतु ‘खनिज स्वस्त’ म्हणजे ‘शुद्धीकरण स्वस्त’ असे समीकरण मांडणे चुकीचे आहे. खनिज हा उत्प्रेरक आहे. तो फार झिजत नाही. झिजते ते पेरॉक्साइड, आणि ते विकत घ्यावे लागते. पंप चालविण्यास वीज लागते, सामू सांभाळण्यास आम्ल व चुना लागतो, आणि सर्वांवर देखरेख ठेवणारा जाणकार माणूस लागतो. पायराइटपासून पाण्यात सल्फेट उतरते, आणि खनिज अशुद्ध असेल तर आर्सेनिकही उतरू शकते. मँगनीजच्या ऑक्साइडांतून विरघळलेले मँगनीज पाण्यात येऊ शकते. ‘नैसर्गिक’ या शब्दाची मोहिनी अशी आहे की त्याने परीक्षा थांबते. आर्सेनिकही नैसर्गिकच आहे.

काळ्या मातीतील चिकणमातीने रंग शोषून घेता येईल, असेही सुचविले जाते. काही रंगांच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु चिकणमातीचे कण ऋणभारित असतात आणि सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंगही ऋणभारितच असतात. ते एकमेकांस दूर लोटतात. मातीवर संस्कार करून हा अडसर दूर करता येतो, पण शोषणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. पाण्यातला रंग मातीत गेला, एवढाच त्याचा अर्थ. ती माती कोठे टाकायची हा प्रश्न उरतोच, आणि आपल्याकडे त्याचे उत्तर बहुधा गरिबाच्या वस्तीजवळची मोकळी जागा हेच असते.

याहून गंभीर मर्यादा पुढे आहे. अ‍ॅझो बंध तोडणे हे रंगनाशाचे सर्वांत सोपे पाऊल. त्यास पेरॉक्साइड थोडे लागते, वेळ थोडा लागतो. परंतु उरलेल्या तुकड्यांचे पूर्ण विघटन करून त्यांचे पाणी, कार्बन डाय-ऑक्साइड व साधे क्षार करावयाचे, तर कितीतरी अधिक पेरॉक्साइड आणि कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो. हे तुकडे निरुपद्रवी असतातच असे नाही. अ‍ॅझो रंगांचा बंध तुटताना, विशेषतः प्राणवायूविरहित अवस्थेत, अ‍ॅरोमॅटिक अमाइने तयार होतात आणि त्यांपैकी काही कर्करोगास कारण ठरतात. याच कारणासाठी जर्मनीने १९९४ साली अशी अमाइने सोडणाऱ्या रंगांच्या कापडावर बंदी घालण्याचे पाऊल उचलले, आणि आपल्या केंद्र सरकारनेही १९९७ साली अशा अनेक अ‍ॅझो रंगांच्या हाताळणीवर बंदी आणली. परदेशी ग्राहकाच्या कातडीला लागणाऱ्या रंगाची काळजी अशा रीतीने घेतली गेली. नदीचे पाणी पिणाऱ्याची काळजी कोणी घ्यावयाची हे मात्र अजून ठरावयाचे आहे.

रंग हा गरिबाचा पुरावा

आता अर्थशास्त्र पाहा. कोणताही खाजगी उत्पादक, तो सज्जन असो वा नसो, खर्च तेथेच थांबवितो जेथे त्याच्यावरचा दबाव थांबतो. नदी लाल-निळी दिसते म्हणून लोक ओरडतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, अधिकारी नोटिसा काढतात. रंग नाहीसा झाला की ओरड थांबते. मग पेरॉक्साइडचा पुढचा डोस कोण टाकणार? ज्या क्षणी पाणी नितळ झाले त्या क्षणी पंप बंद करणे हेच त्याच्या हिशेबाने शहाणपणाचे ठरते. म्हणजे ज्या तंत्राने पूर्ण शुद्धी शक्य आहे, तेच तंत्र बाजाराच्या हाती पडले की अर्ध्यावर थांबते, आणि असे अर्धवट शुद्ध केलेले पाणी शुद्ध म्हणून खपते.

आमच्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. रंग हा नदीचा रोग आहे, पण तो नदीची तक्रारही आहे. काठच्या शेतकऱ्याजवळ प्रयोगशाळा नाही, रासायनिक ऑक्सिजन मागणी मोजण्याचे साधन नाही, वकिलाला देण्यास पैसा नाही. त्याच्याजवळ डोळे आहेत. पाण्याचा रंग हा त्याचा एकमेव पुरावा आहे. तो त्याला कोणाच्या परवानगीवाचून गोळा करता येतो आणि कोणत्याही न्यायालयापुढे मांडता येतो. विष ठेवून रंग तेवढा काढून घेणे म्हणजे गुन्हा न थांबविता साक्षीदार नाहीसा करणे होय.

नितळ पाणी निर्दोष असते ही समजूत किती घातक आहे, हे इचलकरंजीने स्वतः अनुभवले आहे. २०१२ साली तेथे काविळीची मोठी साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. ती साथ रंगामुळे नव्हती. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्याने ती आली. काविळीच्या विषाणूला रंग नसतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते मोजण्याची व्यवस्था सार्वजनिक नसेल तर काय होते, याचा तो धडा होता.

मिठाचे काय?

आणखी एक गोष्ट कोणतेही खनिज, कोणताही उत्प्रेरक करू शकत नाही. तो मीठ नष्ट करू शकत नाही. रंगाचे विघटन होईल, मिठाचे होत नाही. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीचा प्रश्न जुना आहे. त्याचे मुख्य कारण उसाला दिले जाणारे अतोनात पाणी आणि निचऱ्याचा अभाव हे आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण ज्या जमिनीचा निचरा आधीच बंद झाला आहे तिच्यावर खारे पाणी सोडणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

तमिळनाडूतील तिरुप्पूरने हा अनुभव आपल्याआधी घेतला. तेथील विणलेल्या सुती कपड्यांनी जगाची बाजारपेठ जिंकली आणि नोय्यल नदी हरली. शेतीला पाणी मिळावे म्हणून १९९०च्या दशकाच्या आरंभी ओरत्तुपाळयम येथे धरण झाले. काही वर्षांतच त्यात रंगाईचे खारे सांडपाणी साठू लागले. ज्या धरणाने शेते भिजवायची त्याचे पाणी शेतात येऊ नये म्हणून शेतकऱ्यांना न्यायालयात जावे लागले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुप्पूरच्या सर्व रंगाई कारखान्यांना टाळे लावण्याचा आदेश दिला. मग सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत आली. पाणी गाळून परत वापरायचे आणि मीठ आटवून वेगळे काढायचे. नदीला काही दिलासा मिळाला. परंतु मधल्या काळात हजारो कामगारांचे काम गेले, काही रंगाई दुसऱ्या गावांकडे सरकली, आणि मिश्र क्षारांच्या गाळाचे ढीग कोठे ठेवावेत हा नवा प्रश्न उभा राहिला. न्यायालयाने योग्यच केले. पण प्रश्न न्यायालयापर्यंत चिघळू देणाऱ्या राज्यव्यवस्थेने ती शिक्षा कामगाराच्या पगारातून वसूल केली, हेही विसरता येत नाही.

खर्च कोणाच्या खाती?

‘शुद्धीकरण परवडत नाही’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते निसर्गनियमासारखे वाटू लागले आहे. कोणाला परवडत नाही, असे विचारले की ते डळमळते. पिगू यांनी १९२० सालीच खाजगी हिशेब आणि सामाजिक हिशेब यांतील तफावत दाखवून दिली होती. कार्ल विल्यम काप यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यापुढे जाऊन म्हटले की, खर्च दुसऱ्यावर ढकलणे हा खाजगी उद्योगातला अपवाद नसून ती त्याची रीतच आहे. पंचगंगेच्या काठी हे पुस्तक न वाचताही कळते.

हिशेबाची रीत दाखविण्यापुरता एक आकडा गृहीत धरू. समजा, रंग, अमाइने आणि मीठ या तिन्हींचा बंदोबस्त करणाऱ्या पुऱ्या शुद्धीकरणास दर लिटरमागे १० पैसे खर्च येतो. एक किलो कापडास १०० लिटर पाणी, म्हणजे किलोमागे १० रुपये. एका सदऱ्याचे कापड पाव किलो धरले तर सदऱ्यामागे अडीच रुपये. प्रत्यक्ष खर्च याच्या दुप्पट निघाला तरी तो पाच रुपये होईल. शेकडो रुपयांना विकल्या जाणाऱ्या सदऱ्यात ही रक्कम ग्राहकाच्या लक्षातही येणार नाही.

मग परवडत नाही ते कोणाला? परवडत नाही ते मजुरीवर रंगाई करून देणाऱ्या लहान प्रोसेसवाल्याला. त्याचा दर मीटरवर ठरतो आणि तो दर व्यापारी ठरवितो. जशी खर्चीवाल्या यंत्रमागधारकाची स्थिती, सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, तोटा आणि विजेचे बिल मात्र आपले, तशीच त्याची. मीटरमागे चार पैसे दर वाढवून मागितला तर काम शेजारच्या गावी जाते. माल ज्याचा, नाव ज्याचे, नफ्याचा मोठा वाटा ज्याचा, तो मोठा खरेदीदार मुंबईत किंवा परदेशात बसलेला असतो, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिशीवर त्याचे नाव कधी येत नाही. रंगाच्या कुंडापाशी उघड्या हातांनी उभा असलेला कामगार तर या साखळीच्या अगदी तळाशी आहे. दंड वरून खाली येतो, नफा खालून वर जातो. या अर्थव्यवस्थेत एवढीच शिस्त काटेकोर पाळली जाते.

कायदा आणि त्याची किंमत

कायद्यांची वाण नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ साली केला. केंद्राचा कायदा १९७४ साली आला. १९९६ साली तमिळनाडूतील कातडी कमावण्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘जो प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. २०२४ साली मात्र केंद्राने जलप्रदूषण कायद्यात दुरुस्ती करून अनेक अपराधांची तुरुंगवासाची शिक्षा काढली आणि त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. ही दुरुस्ती आरंभी हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेश यांना लागू झाली; इतर राज्यांनी ठराव करून ती स्वीकारावी अशी योजना आहे. लहानसहान चुकांसाठी कोणी तुरुंगात जावे असे आम्हीही म्हणणार नाही. पण शुद्धीकरणाचा खर्च दंडाहून अधिक असेल, तर दंड ही शिक्षा राहत नाही; ती नदी नासविण्याच्या परवान्याची फी होते.

यावर एक आक्षेप येतो. कडक नियम केले तर कारखाने बंद पडतील, कामगार उपाशी मरेल, आणि समाजवाद्यांनी कामगाराच्या पोटावर पाय द्यावा काय? हा आक्षेप बहुधा अशांच्या तोंडून येतो ज्यांना एरवी किमान वेतनाची आठवण होत नाही. तरीही त्यातील भीती खरी आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. उत्तर असे की, एका गावावर नियम आणि दुसऱ्या गावावर मोकळीक असेल तर काम पळते. नियम सर्वांवर सारखा असेल तर ते पळू शकत नाही. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर यांनी एकमेकांच्या नद्यांच्या जिवावर स्पर्धा करावी ही व्यवस्था मोडली पाहिजे, आणि राज्यांराज्यांतही तेच व्हावयास हवे.

खनिजाच्या उगमाकडेही पाठ फिरवून चालणार नाही. मँगनीजच्या धुळीने खाणकामगाराच्या मज्जासंस्थेस इजा होते हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे. एका नदीकाठचे पाणी शुद्ध करण्यासाठी दुसऱ्या डोंगराची आणि तेथल्या माणसांची नासाडी करणे याला शुद्धीकरण म्हणता येणार नाही. सुदैवाने या तंत्रास खनिज फार लागत नाही आणि ते पुन्हा वापरता येते. खाणींजवळ पडून राहिलेली निकृष्ट धातुके त्यासाठी तपासून पाहता येतील.

काय केले पाहिजे

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, खनिजाधारित शुद्धीकरणाचे प्रयोग सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक मालकीच्या सामुदायिक शुद्धीकरण केंद्रांवर प्रत्यक्ष सांडपाणी घेऊन करावेत आणि त्यांचे निष्कर्ष सर्वांना खुले ठेवावेत. सार्वजनिक विद्यापीठांतील ज्ञान खाजगी पेटंटांत बंदिस्त होऊ नये. दुसरी, यशाची कसोटी रंग ही नसावी. सेंद्रिय द्रव्याचे पूर्ण विघटन, अमाइनांचा अभाव, विरघळलेले क्षार आणि पाण्यात मासा जगतो की नाही, या चार कसोट्यांवर पाणी उतरले पाहिजे. तिसरी, हे मोजमाप दर आठवड्यास व्हावे आणि त्याचे आकडे नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावेत. नमुने घेताना गावचे प्रतिनिधी हजर असावेत. चौथी, शुद्धीकरणाचा खर्च कापडाच्या मालकाकडून, म्हणजे व्यापारी आणि मोठा खरेदीदार यांच्याकडून, किलोमागे उपकर म्हणून वसूल व्हावा. मजुरीवर काम करणाऱ्याच्या आणि कामगाराच्या डोक्यावर तो बसू नये. पाचवी, एखादे केंद्र बंद ठेवावे लागले तर त्या काळातील कामगारांचा पगार याच निधीतून दिला जावा.

यांतील एकही मागणी अवास्तव नाही. खनिज आहे, विज्ञान आहे, कायद्याचे तत्त्व आहे, आणि सदऱ्यामागे लागणारे चार-दोन रुपयेही समाजात आहेत. ते योग्य खिशातून काढण्याची राजकीय इच्छा तेवढी नाही. ती आपोआप उत्पन्न होणार नाही. इचलकरंजीचा विणकर आणि शिरोळ-कागलचा शेतकरी पाण्यासाठी एकमेकांशी भांडत आहेत तोवर तर ती मुळीच उत्पन्न होणार नाही. हे दोघे ज्या दिवशी एकत्र येऊन आपली नदी परत मागतील, त्या दिवशी प्रयोगशाळेतील काचपात्रातून खनिज नदीपर्यंत पोहोचेल. त्यांना एकत्र आणण्याचे काम शास्त्रज्ञांचे नव्हे. ते आपल्यासारख्या चळवळीचे आहे, आणि ते आपण हाती घेतले पाहिजे.